गावाचा नकार आणि सरकारचा नकाशा

गोव्यात फोंडा तालुक्यातील केरी गावाच्या माथ्यावर भूतखांब नावाचे जांभ्याचे पठार आहे. उन्हाळ्यात पाहिले तर काळपट कातळ, वाळलेले गवत आणि तुरळक झुडपे. एखाद्या उद्योग खात्याच्या अधिकाऱ्याला ही जागा रिकामी वाटली तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. पण जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात वर पडलेले पाणी त्यात मुरते आणि पुढे कित्येक महिने उतारावरच्या झऱ्यांतून पाझरत राहते. केरी, सावईवेरे या बाजूची कुळागरे, म्हणजे सुपारी, नारळ, केळी, मिरी, जायफळ यांच्या एकमेकांच्या सावलीत वाढणाऱ्या बागा, या पाण्यावर जगतात. या पठारावर नायलॉन 6,6 चा कारखाना आणण्याचा घाट घातला गेला तेव्हा आसपासच्या गावांनी तो रोखला. जानेवारी 1995 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला आणि प्रकल्पाला गोवा सोडावा लागला. एवढी किंमत मोजून राखलेली हीच जागा जेमतेम डझनभर वर्षांत पुन्हा सरकारी यादीत आली, या खेपेस औषधनिर्मितीच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे सेझसाठी. पुन्हा सभा, पुन्हा मोर्चे. 31 डिसेंबर 2007 रोजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी राज्यातील सगळीच सेझ रद्द करत असल्याचे जाहीर केले आणि भूतखांब दुसऱ्यांदा वाचले.

गोव्यात आणि कोकणात अशा विजयांची यादी बरीच मोठी निघेल. नाणार, पेण, मेळावली ही नावे तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहेत. मात्र हे विजय मोजताना प्रकल्प आला की गेला, एवढ्यावरच आपण थांबतो. प्रकल्प गेल्यावर ती जमीन सरकारी नकाशावर कोणत्या रंगात उरली, तिचा वापर बदलण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हे कोणी विचारत नाही. सगळी मेख तिथे आहे. गाव लढते ते एका विशिष्ट अर्जदाराशी. तो हरला तरी अर्ज करण्याची वाट तशीच उघडी राहते आणि पुढचा अर्जदार दारात उभा असतो. गेल्या तीसेक वर्षांतील या लढ्यांचा आढावा घेतला तर असे दिसते की गावाच्या हाती नकार देण्याची ताकद बऱ्यापैकी आली आहे, पण नकाशा आखण्याचा अधिकार आलेला नाही. उलट तो आणखी वर सरकला आहे. तो अधिकार मिळेपर्यंत गावाला दर पिढीत तीच लढाई पुन्हा लढावी लागेल, आणि दर पिढीत लढायला माणसे मिळतीलच याची खात्री नाही.

नकाशाचाच प्रश्न थेट ऐरणीवर आला असे एकच मोठे आंदोलन आपल्याकडे झाले, तेही गोव्यात. ऑगस्ट 2006 मध्ये प्रादेशिक आराखडा 2011 अधिसूचित झाला. तो पाहिल्यावर लोकांच्या लक्षात आले की शेते, बागायती, डोंगरउतार आणि किनाऱ्यालगतच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर ‘सेटलमेंट’, म्हणजे बांधकामाच्या रंगात रंगवल्या गेल्या आहेत. डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या निमंत्रकपदाखाली गोवा बचाव अभियान उभे राहिले, डिसेंबर 2006 मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर प्रचंड सभा झाली आणि पुढच्याच महिन्यात सरकारने आराखडा मागे घेण्याची घोषणा केली. या आंदोलनाचे वेगळेपण असे की त्याच्यासमोर कारखाना नव्हता, खाण नव्हती, धूर नव्हता. समोर होता तो एक कागद. सर्वसामान्य माणसे नगररचना कार्यालयातले नकाशे उलगडून आपला सर्व्हे नंबर शोधू लागली, एफएआर (चटईक्षेत्र गुणोत्तर) आणि झोन हे शब्द चर्चच्या आवारात नि देवळाच्या मंडपात बोलले जाऊ लागले. राजकीय शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

त्यानंतर जे घडले ते या विषयातले सर्वांत मोलाचे प्रकरण आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत विसरले गेलेलेही. नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृतिदलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासारखी माणसे होती. प्रादेशिक आराखडा 2021 करताना गावागावाचे नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. ग्रामसभांत ते पसरून लोकांनी शेत कुठे, तळे कुठे, पाण्याचा ओहोळ कुठून जातो, खाजनाचा, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेताचा, बांध कुठे, हे नोंदवले. पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक जमिनींचे दोन वर्ग पाडण्यात आले, गावांची प्रतवारी करून त्यानुसार बांधकामाची मर्यादा वेगवेगळी ठेवली गेली. गावाला नियोजन जमणार नाही, ते तज्ज्ञांचे काम आहे, असे म्हणणाऱ्यांना हे प्रत्यक्ष उत्तर आहे. काम संथ झाले, कटकटीचे झाले, काही ग्रामसभांत हमरीतुमरीही झाली, पण झाले. घोडे अडले ते शेवटच्या टप्प्यात. अधिसूचित झालेल्या आराखड्यात गावांनी न सुचवलेल्या गोष्टी घुसल्याची तक्रार झाली, 2012 मध्ये सत्तांतरानंतर आराखडा स्थगित ठेवला गेला आणि 2018 मध्ये पुन्हा अमलात आला. गावाने सुचवायचे आणि वरच्याने शेवटचा हात फिरवायचा, ही रचना मुळात बदललीच नव्हती.

आराखडा पुन्हा जिवंत झाला त्याच वर्षी त्याला भोक पाडणारी तरतूदही आली. गोवा नगर आणि ग्राम नियोजन कायदा 1974 चा. त्यात 2018 मध्ये कलम 16ब घालून एकेका जमिनीचा झोन बदलून मागण्याची सोय झाली. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले. मग 2023 मध्ये कलम 17(2) आले. त्याची भाषा तर ऐकत राहावी अशी: आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. या चुका विलक्षण एकमार्गी होत्या. बागायत म्हणून रंगवलेली जमीन खरे तर सेटलमेंट असायला हवी होती, असे मालकाला आढळे आणि खात्याला पटे. लोकांच्या हरकती मागवण्याची गरज नव्हती, कारण चूक दुरुस्त करायला कोणाची हरकत कशी असेल! मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. तोवर 2024 चे कलम 39अ आलेले होते. त्यात निदान 30 दिवसांची हरकतींची मुदत आहे. पण ती नोटीस कशी असते ते पाहण्यासारखे आहे. गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, सध्याचा झोन, मागितलेला झोन; संपले. त्या पोटविभागाच्या वरच्या अंगाला झरा आहे का, खालच्या अंगाला कोणाचे भातशेत आहे का, तिथवर जाणारी वाट किती रुंद आहे, गावाच्या नळाला आजच उन्हाळ्यात किती पाणी येते, यातले काहीही त्या तक्त्याच्या रकान्यांत बसत नाही. हरकत घेणाऱ्याने हे सगळे 30 दिवसांत स्वतः शोधायचे, लिहायचे आणि पणजीला पोहोचवायचे. दुसऱ्या पंधरवड्यात नवी यादी येते.

महाराष्ट्रातले चित्र वेगळे दिसते, तरी मूळ दुखणे तेच. रायगडमधील महामुंबई सेझसाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील सुमारे 45 गावांची जमीन घेण्याची प्रक्रिया सुरू झाली होती. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या मुरलेल्या नेत्यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकरी उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेणच्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी जिल्हा प्रशासनाने जनमत घेतले. जमीन द्यायची की नाही, हे सरकारने मतपत्रिकेवर शेतकऱ्याला विचारण्याचा हा प्रसंग देशात अपूर्व होता. लोकांचा कौल उघड गुपित होता. निकाल मात्र सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. जुन्या भूसंपादन कायद्यातील दोन वर्षांची मुदत उलटू दिली गेली आणि 2009 मध्ये संपादन आपोआप व्यपगत झाले. म्हणजे सेझ गेले ते लोकांनी नाही म्हटले म्हणून, हे कागदावर कुठेच नाही. कागदानुसार ते मुदत संपल्यामुळे गेले. लोकमताची अशी बोळवण करण्यामागे सरकारचा हिशेब साधा असावा: एकदा मतमोजणी मान्य केली की पुढच्या प्रत्येक ठिकाणी ती मागितली जाईल.

त्या हिशेबाचे फळ पुढे दिसले. ऑक्टोबर 2024 मध्ये याच तीन तालुक्यांतील 124 गावांसाठी, सुमारे 323 चौरस किलोमीटर क्षेत्रावर, कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर जाहीर झाले आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले. सिडकोला कोकण किनारपट्टीवरील 1,635 गावांचे विशेष नियोजन प्राधिकरण करण्यात आले, राज्य रस्ते विकास महामंडळाकडे किनाऱ्यावरील विकास केंद्रांची आणखी 105 गावे गेली, शिवाय साताऱ्यात ‘नवीन महाबळेश्वर’च्या नावाखाली सातारा, पाटण, जावळीतील 235 गावे. रस्ते बांधण्यासाठी काढलेले महामंडळ कोयनेच्या आणि कासच्या आसपासच्या डोंगरांचे नियोजन करणार आहे! यातले काही चांगलेही होऊ शकेल, नियोजनच नसण्यापेक्षा काहीतरी असणे बरे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. कोकणात आज जे चालले आहे, म्हणजे दलाल, डोंगर कापणारा जेसीबी आणि परवानगी नंतर, त्याला आराखडा नसणेही जबाबदार आहेच. पण प्रश्न आराखडा हवा की नको असा नाही. आराखडा करणारी संस्था कोणाला उत्तरदायी आहे, हा आहे. या प्राधिकरणांत गावाने निवडून दिलेला माणूस निर्णय घेत नाही, ग्रामपंचायतीचे बांधकामावरचे उरलेसुरले नियंत्रण त्यांच्याकडे जाते आणि गावाच्या वाट्याला येते ती हरकती नि सूचनांची खिडकी. या वाटेचे टोक कुठे जाते ते मुळशीत आपण पाहिले आहे. तिथल्या लवासा या खासगी नगरीसाठी 2008 मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार थेट विकासक कंपनीलाच दिले गेले होते; ते काढून घ्यायला 2017 उजाडले. अर्जदार आणि परवानगी देणारा एकच असेल तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता किती, याचे गणित करायला नगररचनाकार लागत नाही.

सरकारी नोंदीतील एका रकान्याचा या सगळ्यात फार मोठा हात आहे. कोकणातील सडे, म्हणजे जांभ्याची विस्तीर्ण पठारे, सातबाऱ्यावर बहुधा पोटखराबा किंवा पडीक म्हणून लागलेली असतात. ही वर्गवारी महसुलासाठी होती. जिथे पीक नाही तिथे सारा नाही, एवढाच तिचा अर्थ. पुढे उद्योगासाठी जागा शोधणाऱ्याने तिचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा लावला. प्रत्यक्षात सड्यावर गुरे चरतात, गवत कापले जाते, पावसाळ्यात तिथे फुलणाऱ्या कित्येक वनस्पती दुसरीकडे सापडत नाहीत, सुरुंग लावून कातळ फोडून तिथेच हापूसच्या बागा उभ्या राहिल्या आहेत आणि खालच्या वाडीचे पाणी वरच्या सड्यात असते. 18 मे 2017 च्या अधिसूचनेने नाणार परिसर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी निवडला गेला तेव्हा ‘ओसाड कातळ’ हा शब्दप्रयोग समर्थकांच्या तोंडी सर्रास होता. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, 2 मार्च 2019 रोजी, ती अधिसूचना रद्द झाली. तीन वर्षे होतात न होतात तोच जवळच्याच बारसू-सोलगावचे नाव पुढे आले, आणि एप्रिल 2023 मध्ये पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झाले. त्याच बारसूच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत आणि ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आधीच, 2022 मध्ये, गेलेली होती. एका खात्यासाठी जागतिक वारसा, दुसऱ्यासाठी पडीक. याच काळात, फेब्रुवारी 2023 मध्ये, राजापुरात प्रकल्पाशी संबंधित जमीन व्यवहारांवर लिहिणाऱ्या पत्रकाराचा गाडीखाली चिरडून मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. नाणारहून बारसूला प्रकल्प सरकतो तेव्हा नकाशावर ती बोटभर हालचाल असते. गावांमध्ये मात्र भाऊ भावाच्या विरोधात उभा राहिलेला असतो आणि पुढची कित्येक वर्षे शिमग्याची पालखीही वादात सापडते.

मोठा प्रकल्प निदान दिसतो. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. दिसत नाही तो फुटकळ वापरबदल, आणि एकूण नुकसानात त्याचा वाटा कमी नसावा असे मला वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 2017 च्या सुमारास आलेल्या कलम 42ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन, आराखड्यातील वापराला धरून असेल तर, अकृषिक झाल्याचे मानले जाते. हेतू चांगला होता. गावकऱ्याला पोरासाठी दोन खोल्या बांधायला तहसीलचे उंबरे झिजवावे लागू नयेत. पण तीच सवलत गावालगतची चार एकरे घेऊन सेकंड होमचे प्लॉट पाडणाऱ्यालाही लागू होते. मुंबई-पुण्याजवळच्या तालुक्यांत, अलिबाग, कर्जत, मुळशीत आणि गोव्याच्या बार्देश-सासष्टीत हे रोज घडते. वर्षातून पंधरा दिवस वापरल्या जाणाऱ्या बंगल्याला बारमाही पोहण्याचा तलाव असतो नि शेजारच्या वाडीत मार्चपासून टँकर. प्रत्येक बंगला सुटा पाहिला तर क्षुल्लक, म्हणून कोणताही पर्यावरणीय आढावा लागत नाही. सगळे मिळून गावाची विहीर आटवतात, पण ‘सगळे मिळून’ हा अर्जदार कोणत्याही कार्यालयात कधी येत नाही. त्यांचा एकत्र हिशेब होण्याची एकच जागा असते, ती म्हणजे गावाचा जमीनवापर आराखडा.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे: गावाला रोजगार नको का? कोकणातली घरे गणपती-शिमग्याला उघडतात आणि एरवी म्हातारी माणसे सांभाळतात, हे कोण नाकारील. चाकरमान्यांच्या चार पिढ्या मुंबईला गेल्या त्या हौसेने नव्हे. पण विरोध करणाऱ्यांनी रोजगार पाहिलाच नाही, असे समजणे चुकीचे आहे. खेड तालुक्यातील लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीचा अनुभव कोकणाच्या गाठीशी आहे. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी मेलेल्या माशांचे खच पाहिले आहेत. कारखान्यात लागणाऱ्या नोकऱ्या किती, कोणत्या शिक्षणाच्या, त्यातल्या कायम किती आणि त्या बदल्यात मासेमारी, आंबा, काजू यांतले जाणारे उत्पन्न किती, हा ताळेबंद प्रकल्प अहवालात क्वचितच मांडला जातो. तो मांडला आणि गावाला पटला, तर गाव होकारही देईल. आराखडा करण्याच्या अधिकारात होकाराचा अधिकारही येतो. गोव्यातील सत्तरीत शेळ-मेळावलीला आयआयटीसाठी सुमारे 10 लाख चौरस मीटर जमीन ठरली, जानेवारी 2021 मध्ये पोलिसांशी चकमकी झाल्या आणि त्याच महिन्यात सरकारने जागा सोडली. आयआयटीलाही विरोध म्हणजे कहर झाला, असा सूर तेव्हा लागला. पण तिथे वाद शिक्षणसंस्थेचा नव्हताच. पिढ्यान्‌पिढ्या काजू लावून खाल्लेली जमीन कागदावर सरकारची होती आणि कसणाऱ्यांच्या नावाचा प्रश्न लोंबकळत पडला होता. तो आधी सोडवला असता तर बोलणी निराळी झाली असती.

दुसरी हरकत जास्त टोचणारी आहे. गाव म्हणजे काही एकसंध, निरागस देवमाणूस नव्हे. जमीन विकतात ती गावकरीच. सातबाऱ्यावर चाळीस सहहिस्सेदार, त्यातले तीस मुंबईत, आणि दलाल एकेकाला गाठून सह्या घेतो. सरपंच कधी स्वतःच जेसीबीचा मालक असतो, खडी-वाळूचा पुरवठादार असतो. ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही वाट सगळ्यांना ठाऊक आहे. भूमिहीन, कातकरी, धनगर, एकट्या बाया यांचे म्हणणे ठरावात उमटेलच असे नाही; ‘गाव वाचवा’ म्हणणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत पुष्कळदा बागायतदार असतात. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मी आंदोलनापेक्षा आराखड्यावर भर देतो. एकेक प्लॉट सुटा विकला जातो तेव्हा दलालाची ताकद सर्वांत जास्त आणि कमजोराची सर्वांत कमी असते. संपूर्ण गावाचा वापर आधी ठरलेला असेल, तो बदलायचा तर दोन ग्रामसभांची मंजुरी लागत असेल, आणि नकाशावर सातबाऱ्याबाहेरचे वापरही, म्हणजे गुरांची वाट, सरपणाचे रान, पाणवठा, मसणवट, नोंदलेले असतील, तर सरपंचाला विकत घेऊन भागत नाही. भ्रष्ट होण्याची शक्यता ग्रामसभेत आहे हे कबूल. पण ती मंत्रालयात नाही आणि पणजीत नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल? ग्रामसभेतला घोळ निदान शेजाऱ्याला दिसतो.

तिसरी हरकत अशी की प्रत्येक गावाने नको म्हटले तर जायचे कुठे. जो प्रकल्प बोलक्या, संघटित गावाने हाकलला तो मुक्या गावाच्या गळ्यात पडतो. हा धोका खराच आहे आणि आंदोलनांचे नेते त्यावर सहसा बोलत नाहीत. उपाय मात्र सगळ्यांचा आवाज बंद करण्यात नाही. इंग्लंडमध्ये 2011 च्या लोकॅलिझम कायद्याने पॅरिशला, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीएवढ्या घटकाला, स्वतःचा परिसर आराखडा करून तो सार्वमताने संमत करण्याची सोय दिली. संमत आराखड्याला कायदेशीर वजन असते. त्याचबरोबर मर्यादाही आहे: वरच्या आराखड्याने त्या भागासाठी जितकी घरे ठरवली त्याहून कमी घरे पॅरिशला सुचवता येत नाहीत, कुठे नि कशी, हे मात्र ती ठरवू शकते. तिथेही श्रीमंत खेडी याचा वापर नवख्यांना दूर ठेवायला करतात अशी टीका होते. तरी वाटणीचे तत्त्व घेण्यासारखे आहे. जिल्ह्याला किती औद्योगिक जमीन लागेल हे राज्याने ठरवावे. गावातली कोणती जागा कधीच द्यायची नाही, हे गावाने आधी सांगितलेले असावे.

आजच्या कायद्यात गावाच्या शब्दाला किती वजन आहे? ते गाव कुठे आहे यावर अवलंबून. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण थांबली. त्यामागे अनुसूचित क्षेत्र आणि वनहक्क कायदा उभे होते. सिंधुदुर्गाला हे कवच नाही. तिथे सावंतवाडी-दोडामार्ग भागातील 25 ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील जाहीर करावीत असे ठराव केले होते. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात त्यांची आवर्जून दखल घेतली. शेजारच्या कळण्यात लोकांचा कडवा विरोध असूनही लोहखनिजाची खाण सुरू झाली आणि जुलै 2021 मध्ये खाणीचा बांध फुटून चिखलाचे लोट गावात शिरले. पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना तर 31 जुलै 2024 रोजी सहाव्यांदा निघाली, वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. गाडगीळांचा आग्रह होता की अहवाल स्थानिक भाषेत ग्रामसभांपुढे ठेवावा आणि त्यांचे म्हणणे ऐकूनच मर्यादा ठरवाव्यात. तसे झाले नाही. परिणामी कोल्हापूरपासून केरळपर्यंत अनेक गावांना संरक्षणच जाच वाटू लागले, आणि खाणवाल्यांना आयते पाठीराखे मिळाले. वरून लादलेल्या विकासाला जो रोग आहे तोच वरून लादलेल्या संरक्षणालाही जडला.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? दर वर्षी ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायती आराखडा करतातच. त्यात गटारे, पेव्हर ब्लॉक, शाळेची दुरुस्ती असते, जमिनीच्या वापराबद्दल अवाक्षर नसते. ते घालायला कोणी मनाई केलेली नाही. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक पंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर 2020 च्या सुमारास पुष्कळ ठिकाणी ती ठेकेदारांकडून घाईघाईने उरकली गेली, एका गावाच्या पक्ष्यांची यादी दुसऱ्या गावाला चिकटवून. पण नोंदवही पुन्हा लिहिता येते, आणि झरे, सड्यावरचे गवत, खाजने, देवराया यांची गट नंबरवार नोंद ग्रामसभेच्या ठरावासह त्यात असेल तर हरकतीच्या सुनावणीत आणि पुढे न्यायालयात तिला पुरावा म्हणून किंमत आहे. सिडकोच्या यादीतल्या 1,635 गावांपुढे हा प्रश्न आज आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर मिळणाऱ्या मुदतीत असे काम होणे अशक्य. ते त्याआधी, एखाद्या मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असताना आणि झऱ्यांना खरोखर किती पाणी उरते ते दिसत असताना, करून ठेवावे लागेल.